उकिडवं बसायची परवानगी

माझी नोकरी वस्तू मोडण्याची होती. कुणी विचारलं की मी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते असं सांगायची, आणि ते खोटं नव्हतं. पण हुबळीच्या आमच्या कॉलेजात वर्गापेक्षा माझा जास्त वेळ तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत गेला, आणि तिथं दिवसभर आम्ही काही ना काही मोडत असू. लोखंडी सळ्या, काँक्रीटचे ठोकळे, फरशा, दोरखंड. खोलीच्या मधोमध छताला टेकेल एवढं एक मशीन होतं. त्याच्या जबड्यांत वस्तू धरायची आणि ओढायची, नाहीतर दाबायची, ती जाईपर्यंत. किती ओझ्याला गेली ते मशीन सांगतं, आपण सही करायची. विद्यार्थी मला पाठीमागं 'तोडफोड मॅडम' म्हणत. मला ते माहीत होतं आणि मला माहीत आहे हे त्यांनाही माहीत होतं, त्यामुळे दोन्ही बाजूंनी बरं चाललं होतं.

बाहेरची गिऱ्हाइकंही यायची. बांधकामाचे ठेकेदार सळ्यांचे तुकडे घेऊन येत, ते फडक्यात गुंडाळून, लग्नाच्या मुलीला दाखवायला आणावं तसे. इमारतीत जाणाऱ्या सळ्या आमच्याकडं कधी आल्या नाहीत, आल्या त्या दाखवायच्या. एकदा दुर्गदबैल बाजारातले एक हार्डवेअरचे व्यापारी झोपाळ्याची कडी घेऊन आले. घरी नवे जावई येणार होते, ते अंगानं भरपूर होते आणि त्यांना झोपाळ्याची हौस होती. मी विचारलं, "जावयांचं वजन किती?"

"ते कसं विचारायचं हो मॅडम? अजून मानपान चाललेत."

कडी आम्ही ओढली. चार जावई एकदम बसले असते तरी चाललं असतं. व्यापारी खूश होऊन निघाले, तेव्हा मी म्हटलं की हे कडीचं झालं, कडी ज्या तुळईला अडकवणार तिचं मी सांगू शकत नाही. त्यांचा चेहरा पडला. नंतर कळलं की जावयांना खुर्ची दिली गेली. मी ही गोष्ट दर वर्षी वर्गात सांगायची आणि मुलं हसायची. तिचा खरा अर्थ मला नोकरीच्या शेवटच्या वर्षांत कळला, आणि तेव्हा कुणी हसलं नाही.

त्या वर्षांत आमच्याकडं डॉक्टर महांतेश यायला लागले. हाडांचे डॉक्टर, उणकलच्या बाजूला त्यांचं स्वतःचं छोटं हॉस्पिटल. घरी कन्नड, मराठी पेशंटांकडून शिकलेली, आणि बोलताना दोन्ही एका वाक्यात. पहिल्या दिवशी त्यांनी खिशातून रुमाल काढला, माझ्या टेबलावर उलगडला आणि त्यात दोन वस्तू होत्या. एक स्टीलची पट्टी आणि तिला तिरपा जोडलेला जाडजूड स्क्रू. दुसरी बोटाएवढी जाड सळई, वरच्या टोकाला आरपार भोक असलेली.

"नोड्री, बघा मॅडम, यातलं कुठलं जास्त टिकतं तेवढं मला सांगा."

"कसल्या ओझ्याला?"

"माणसाच्या."

"माणूस काय करत असताना?"

ते हसून म्हणाले, "उभा असताना, चालताना. आणखी काय करतात माणसं?"

हे वाक्य मी विसरले नाही, कारण त्या दिवशी मलाही ते बरोबर वाटलं होतं.

ज्यांच्या घरात कुणी म्हातारं माणूस न्हाणीघरात घसरून पडलेलं नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगते. मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला एक गोळा असतो, तो कमरेच्या वाटीत फिरतो. गोळ्याखाली आखूड मान, आणि मानेखाली जिथं हाड रुंद होतं तिथं खुबा. वय झालं की हाड आतून पोकळ होत जातं आणि साध्या पडण्यानं खुबा मोडतो. पूर्वी खुबा मोडला म्हणजे माणूस अंथरुणाला खिळला असं समजायचं, आणि अंथरुणातून तो फारसा उठत नसे. आता डॉक्टर हाड जोडून त्यात धातू बसवतात आणि पेशंटला लगेच उभं करतात.

धातू बसवायच्या दोन रीती. पट्टीची रीत अशी की पट्टी हाडाच्या बाहेरून लावायची आणि तिच्यातला जाड स्क्रू मानेतून थेट गोळ्यात जातो. सळईची रीत अशी की सळई हाडाच्या आतल्या पोकळीत वरून उतरवायची आणि स्क्रू तिच्या भोकातून गोळ्यात न्यायचा. फरक ओझं किती लांबून पेलायचं याचा आहे. भरलेली घागर कमरेवर घेतली तर चालता येतं, तीच हात लांब करून धरली तर खांदा निखळतो. सळई आत असल्यानं ओझ्याच्या जवळ असते, पट्टी बाहेर असल्यानं लांब. साध्या मोडीला दोन्ही पुरतात. मोड वाईट असली तर सळई बरी, असं डॉक्टर लोक मानत होते. महांतेशांना ते आपल्या डोळ्यांनी बघायचं होतं.

मोडायला हाडं हवीत. ती परदेशातून मागवली. खरी नव्हेत, प्लॅस्टिक आणि फोमची, पण वजनाला आणि कडकपणाला खऱ्यासारखी. आमचे मशीन चालवणारे बसप्पा यांनी पेटी उघडली आणि झाकण परत लावलं.

"मॅडम, हे कुणाचं?"

"कुणाचं नाही. कारखान्यात करतात."

बसप्पांना ते पटलं, पण हाडं प्रयोगशाळेत होती तोवर त्यांनी तिथं जेवणाचा डबा उघडला नाही. आयुधपूजेला मशीनला हळदकुंकू लावलं तेव्हा हाडांची पेटी त्यांनी आधी बाहेर व्हरांड्यात ठेवली. माझ्याही मनात कुठंतरी तसंच होतं.

आम्ही सगळ्या हाडांना एकाच जागी, एकाच कोनात करवत लावली. निम्म्यांना डॉक्टरांनी पट्टी बसवली, निम्म्यांना सळई, अगदी ऑपरेशनसारखी, मास्क तेवढा नाही. मग एका पायावर उभ्या माणसाचं हाड जसं तिरपं असतं तसं ते मशीनमध्ये धरायचं आणि गोळ्यावर वरून दाब द्यायचा. गोळा किती खचला, किती ओझ्याला मोड उघडली, हे बघायचं. दोन्ही रीती चांगल्या निघाल्या. सळई थोडी सरस, पट्टी फार मागं नाही. डॉक्टरांनी सुटकेचा निःश्वास टाकला. तो एवढा मोठा होता की मी विचारलं, कोणी पेशंट आहे का डोक्यात?

होती. रखमाक्का नावाची अळणावरच्या बाजूच्या खेड्यातली बाई. गोठ्यात ओल्या दगडावरून घसरून पडली होती. मोड साधी दिसली म्हणून डॉक्टरांनी पट्टी बसवली होती. शुद्धीवर आल्यावर बाकीचे पेशंट विचारतात, चालता येईल ना? हिनं विचारलं, "उकिडवं बसता येईल काय?"

"नको म्हणून सांगितलं मी," डॉक्टर म्हणाले. "तर विचारते, कधीपर्यंत नको? आता हे कुठल्या पुस्तकात बघू? पुस्तकं लिहिणारे सगळे खुर्चीवर बसणारे. माझं ऐकत नाही. मशीन सांगेल तर ऐकेन म्हणते. घेऊन येऊ?"

पुढच्या तपासणीच्या दिवशी ते तिला खरंच घेऊन आले. वॉकर धरून, लहानखुरी, काटक बाई, आणि मागून तिची सून शेवंता. माझ्या टेबलावर पट्टी बसवलेलं प्लॅस्टिकचं हाड पडलं होतं. रखमाक्का खुर्चीवर बसली, ते तिनं उचललं आणि भाजीवालीकडं भोपळा पारखावा तसं हातात जोखलं.

"माझ्या आत ह्येच हाय?"

"हेच."

"जड हाय की. म्हणून पाय जड लागतंय." मग तिनं ते खाली ठेवलं आणि माझ्याकडं वळली. "अक्का, माझी एक म्हस हाय. ती माझ्याबिगर कुणाला पान्हा सोडत न्हाई. हिला लाथ मारल्या बघा." शेवंतानं निमूटपणे पदर सारून दंडावरची काळीनिळी जागा दाखवली.

"स्टुलावर बसून धार काढा की," मी म्हटलं. शहरी माणूस जे पहिलं बोलतो ते मी बोलले.

रखमाक्का हसली नाही, तिनं समजावून सांगितलं. म्हशीची कास खाली असते. चरवी दोन गुडघ्यांत धरावी लागते. स्टुलावर बसलं की चरवी खाली राहते आणि म्हैस पाय उचलते. आणि तिच्या म्हशीला डोकं पोटाला टेकलेलं लागतं, नाहीतर ती दूध चढवते. हे सगळं ती हातांनी दाखवत होती, आणि हात दाखवताना तिचं सगळं वय गळून पडत होतं.

शेवंता मला नंतर बाजूला म्हणाली, "दुधाचं काय न्हाई हो अक्का, दूध विकत बी मिळतंय. पण सासरं गेल्यापासनं आत्ती घरात कुणाला काय म्हणत न्हाईत. शेत ह्यांच्याकडं, चूल माझ्याकडं. म्हस तेवढी त्यांची." मग मला कळलं की ही बाई परवानगी कशाची मागते आहे.

मी शेवंताला म्हटलं, जरा उकिडवं बसून दाखव आणि ऊठ. ती बसली, उठली. मी परत उठायला सांगितलं, आणि परत. ती सरळ वर उठतच नव्हती. अंग एका बाजूला वळवायची, एक हात जमिनीला टेकवायची, आणि सगळा भार एका पायावर घेऊन पीळ देत वर यायची. मी मशीनकडं बघितलं. इतके दिवस आम्ही एका उभ्या माणसाला वरून दाबत बसलो होतो.

त्याच सुमारास धारवाडला सप्तापुरात, आमच्या घराशेजारी, मुंज होती. म्हातारी मंडळी टेबलावर, बाकीची खाली पंगतीत. मी ताटाकडं न बघता लोक कसे उठतात ते बघत बसले. कोणी गुडघ्यावर हात ठेवून, कोणी शेजाऱ्याच्या खांद्याला धरून, एक वकील तर भिंतीला धरून टप्प्याटप्प्यानं. पण पीळ सगळ्यांचा तोच. नणंद शेवटी कानाशी येऊन म्हणाली, "वहिनी, कुणासाठी स्थळ बघायलीस काय? सगळ्या पुरुषांच्या कंबरेकडं बघतीयस." मी म्हटलं, खुबे बघते आहे. तिनं दादांना, म्हणजे माझ्या यजमानांना, जाऊन सांगितलं की वहिनींना आता रजा घ्यायला लावा.

मी रजा घेतली नाही. बसप्पांनी लोखंडी अँगल जोडून एक नवा साचा केला. त्यात हाड जवळजवळ आडवं धरायचं, गोळ्यावर समोरून दाब द्यायचा आणि त्याच वेळी थोडा पीळ. एकदा नाही, पुन्हा पुन्हा, माणूस दिवसातून जसा अनेकदा उठतो तसा. जगात दुसऱ्या कुणी असा साचा केला असेल, नसेल, मला ठाऊक नाही. माझ्या सगळ्या नोकरीत मला सगळ्यात जास्त अभिमान त्या वेड्यावाकड्या साच्याचा आहे.

आता दोन रीतींमधला फरक थोडा राहिला नाही. सळई बसवलेली हाडं कुरकुरली, पण तग धरून राहिली. पट्टीवाल्यांत गोळा स्क्रूभोवती फिरायला लागला. स्टीलला काही झालं नाही, स्टीलला सहसा काही होत नाही. स्क्रूभोवतीचं हाड खचत गेलं, भिंतीतली खुंटी हळूहळू सैल होते तसं, आणि मग मोड उघडली. एक गेलं, मग दुसरं, मग तिसरं. डॉक्टर शेजारी उभे होते. तिसऱ्यानंतर ते म्हणाले, "मॅडम, बस्स. माझी रखमाक्का पट्टीवाली आहे."

पुढं त्यांनी हे काम डॉक्टरांच्या एका सभेत मांडलं. हुबळी-धारवाडचे बरेच हाडांचे डॉक्टर शेतावरच्या आणि जमिनीवर बसणाऱ्या पेशंटांना सळई जास्त बसवायला लागले. काहींनी मला फोन करून विचारलं. तेव्हा मी फार मोठी झाले होते, असं माझे यजमान अजून म्हणतात.

पण रखमाक्काच्या आत पट्टी होती. डॉक्टर इतके घाबरले होते की त्यांनी तिला परत बोलावून सांगितलं, उकिडवं बसायचं नाही, कधीच नाही. मी त्या वेळी तिथं होते. तिनं त्यांच्याकडं न बघता माझ्याकडं बघितलं.

"मशीन म्हणालं?"

"हो," मी म्हटलं. "मशीन म्हणालं."

"मग झालं," ती म्हणाली, आणि वॉकर सरकवत निघून गेली. आम्हाला वाटलं, बरं झालं, शेवटी ऐकलं.

त्यानंतर बरेच महिने मी तिला विसरले. परीक्षा, पेपर, नवीन सळ्या, नवे ठेकेदार. मग एका दुपारी डॉक्टर धावतपळत आले. हातात एक्स-रे. तो त्यांनी खिडकीच्या काचेला लावला.

"नोड्री. रखमाक्काचं. मोड शोधून दाखवा मला."

मला सापडली नाही. जिथं फट असायला हवी तिथं हाड सलग होतं, पांढरं, भरीव.

"जुळलंय," डॉक्टर म्हणाले. "आत्ता नाही मॅडम, केव्हाच जुळलं असणार. आता काहीही करू दे. उकिडवं बसू दे, धार काढू दे. आता पट्टी नसली तरी चालेल."

मी तिथंच खुर्चीवर बसले. ही गोष्ट मला कोणी सांगायची गरज नव्हती, मी ती दर वर्षी शिकवत होते. स्लॅब घालताना खाली लाकडाचं सेंटरिंग लावतात. स्लॅब घट्ट होईपर्यंत त्यानं भार पेलायचा, मग ते काढून टाकायचं. सेंटरिंग जन्मभर टिकेल का असं कोणी विचारत नाही. पट्टी आणि सळई ही सेंटरिंगच होती. आमचं प्लॅस्टिकचं हाड कधी जुळणार नव्हतं, त्यामुळे आम्ही स्लॅबशिवाय सेंटरिंग तपासत राहिलो, आणि एका जिवंत बाईला कधीच नाही म्हणून सांगून आलो. दोन रीतींची तुलना बरोबर होती, आजही मी तिच्यावर सही करीन. पण ती तुलना हाड जुळेपर्यंतच्या दिवसांची होती, आणि 'कधीच' हा शब्द मशीननं कुठं उमटवला नव्हता.

"ती बाहेर आहे," डॉक्टर म्हणाले. "मी मुद्दाम सांगितलं नाही. तुमच्यासमोर सांगायचं म्हणून आणलं." ते लहान मुलासारखे खूश होते. मी दार उघडायला गेले. व्हरांड्यात रखमाक्का बाकावर बसली होती, वॉकर नव्हता, नुसती काठी. शेवंता पुढं आली.

"काय झालं अक्का? काय वाईट न्हाई न्हवं?"

"चांगलं आहे. म्हैस कशी आहे?"

शेवंतानं सासूकडं एकदा बघितलं आणि आवाज खाली आणला. "लेकीकडं धाडली हुती आत्तींनी. तिकडं बी कुणाला हात लावू दिलं न्हाई. मग आटली. गेल्या बाजारी इकून टाकली."

हे डॉक्टरांना सांगायला मला वेळ मिळाला नाही. रखमाक्का आत आली होती आणि डॉक्टर हात पसरून सांगत होते, "रखमाक्का, हाड जुळलं! आता खाली बसा, उकिडवं बसा, काय पाहिजे ते करा. जावा, म्हशीची धार काढा."

रखमाक्कानं काठी शेवंताकडं दिली, नऊवारीचा ओचा सारखा केला आणि प्रयोगशाळेच्या फरशीवर, मशीनच्या समोर, हळूहळू उकिडवी बसली. बसप्पा पुढं झाले, तिनं नको म्हणून मान हलवली. गुडघे तिनं तसेच धरले होते, मध्ये चरवी असल्यासारखे. हात थोडा वेळ पुढं आले, मग मांडीवर गेले. डॉक्टरांना काहीतरी चुकलं आहे एवढं कळलं आणि पसरलेले हात त्यांनी खाली घेतले.

खालूनच तिनं मान वर करून मशीनकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"ह्येनं खोटं सांगितलं व्हय, अक्का?"

"नाही," मी म्हटलं. "आम्ही विचारलं तेवढंच त्यानं सांगितलं."

"मग नीट इचारायचं हुतं की," ती म्हणाली. रागानं नाही. सुनेला भाजीत मीठ कमी पडल्याचं सांगावं, त्या आवाजात.

मग ती उठली. एका बाजूला वळून, एक हात फरशीला टेकवून, सगळा भार त्या पट्टीच्या पायावर घेत. पाय थरथरला नाही. सवयीनं मी कोन बघितला. आमच्या साच्यात होता तोच होता, अगदी तोच.